कॅमेरा कुठं उभा राहतो

पहाटे साडेचारला दादरच्या फूलबाजारात गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. हमालांच्या डोक्यावरून झेंडूच्या गोण्या धपाधप उतरत असतात, खाली ओल्या पानांचा चिखल, वर बल्बांच्या माळा, आणि दर दोन मिनिटांनी मागून आरोळी, ‘ओ, बाजू, बाजू!’ काही वर्षांपूर्वी मी तिथं पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा जवळ जायची हिंमत झाली नाही. लांब एका कडेला उभा राहिलो, मोठी लेन्स लावली आणि गजरे ओवत बसलेल्या एका मावशींचे तीस-चाळीस फोटो काढले. घरी येऊन बघितले. चेहरा स्वच्छ, बोटं स्वच्छ, मागचे दिवे छान विरघळलेले. बाजार मात्र त्यात कुठंच नव्हता. मावशी कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही भिंतीपुढच्या असू शकल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात छोटी लेन्स घेऊन गेलो आणि सरळ त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. मान वर न करता त्यांनी विचारलं, “पेपरात देणार काय?” “नाही मावशी, माझ्यासाठीच.” “मग हे पोतं घे खाली. चिखलात नको बसू.” त्या दिवशीच्या फोटोंत त्यांचा गुडघा आहे, दोऱ्याचं रीळ आहे, फुलांवर शिंपडायच्या पाण्याचा डबा आहे, मागून जाणाऱ्या हमालाचे नुसते पाय आहेत आणि शेजारणीचं अर्धं तोंड. आधीच्या फोटोंपुढे हे ओबडधोबड दिसतात. पण बाजार यांच्यातच आहे.

वास्तववादी सिनेमा आणि रस्त्यावरचं छायाचित्रण समजून घ्यायचं तर या दोन सकाळींपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. एखादा सिनेमा बघून आपण ‘एकदम रिअल वाटतो’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्यातल्या गटाराकडे, पोपडे निघालेल्या भिंतींकडे, शिव्यांकडे बोट दाखवतो. पण गटार सेटवरही उभं करता येतं. फरक पडतो तो दोन निर्णयांनी: कॅमेरा माणसापासून किती लांब उभा राहिला, आणि तिथं किती वेळ थांबला. बाकीचं तंत्र या दोघांच्या मागून येतं.

एकच फिल्म

ही दोन माध्यमं अक्षरशः एकाच फिल्मवर वाढली आहेत. जर्मनीतल्या ओस्कार बारनाक या तंत्रज्ञानं 1913-14 च्या सुमारास खिशात मावेल असा कॅमेरा बनवला, तेव्हा त्यात त्यानं सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म घातली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ही फिल्म उभी सरकते आणि तेव्हा तिची एक चौकट 18 बाय 24 मिलिमीटरची असे. बारनाकनं फिल्म आडवी केली आणि दोन चौकटींची मिळून एक केली, 24 बाय 36. हा कॅमेरा 1925 साली ‘लायका’ या नावानं बाजारात आला. आजच्या महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांना ‘फुल फ्रेम’ म्हणतात, ते माप हेच.

तोवर फोटो काढणं म्हणजे बहुधा जड पेटी आणि तिपाई. समोरचा माणूस सावरून, श्वास रोखून उभा राहायचा. लायका हातात आला आणि फोटोग्राफर गर्दीतलाच एक होऊन चालायला लागला. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ कॅमेऱ्याचे चकाकणारे भागसुद्धा काळे करून टाकायचे आणि फ्लॅशला हात लावायचे नाहीत. हालचाल, चेहरा आणि चौकट तिन्ही एका ठिकाणी जुळतात तो ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना त्यांच्याच नावाशी जोडली गेली आहे. आणि हेच ब्रेसाँ 1930 च्या दशकात दिग्दर्शक ज्याँ रेन्वार यांचे सहायक होते. फोटो आणि सिनेमा या घरांमधलं दार तेव्हापासूनच उघडं आहे.

एक हिशेब मला फार आवडतो. 36 फोटोंचा एक रोल सिनेमाच्या कॅमेऱ्यातून सेकंदाला 24 चौकटींच्या वेगानं सोडला तर जेमतेम तीन सेकंदांत संपतो. तेवढ्याच फिल्मवर रस्त्यावरचा फोटोग्राफर अख्खा दिवस काढतो. म्हणजे वेळ दोघांच्याही हातात असतो, फक्त उलट्या बाजूनं. फोटोग्राफर तासन् तास थांबून एक तुकडा उचलतो. दिग्दर्शक तो थांबण्याचा वेळच प्रेक्षकापुढे मांडू शकतो.

1959 साली पॅरिसमध्ये ही फिल्म उलटी परतली. ज्याँ-लुक गोदार ‘ब्रेथलेस’ या नावानं जगाला माहीत असलेला पहिला मोठा चित्रपट करत होते. छायाचित्रकार राऊल कुतार यांनी इंडोचायनातल्या युद्धाचे फोटो काढलेले. रात्री रस्त्यावर जे दिवे असतील तेवढ्यावरच शूटिंग करायचं ठरलं, पण तेवढ्या कमी उजेडात चालेल अशी सिनेमाची फिल्म हाताशी नव्हती. फोटोग्राफरांसाठी मिळणारी इलफर्ड कंपनीची एक वेगवान फिल्म होती, ती साडेसतरा मीटरच्या गुंडाळ्यांत यायची. सिनेमाच्या कॅमेऱ्यात एवढी फिल्म 38 सेकंद पुरते. मग त्यांनी गुंडाळ्या एकमेकींना जोडल्या. दिवसाच्या दृश्यांसाठी कॅमेरा टपालाच्या हातगाडीत लपवला आणि गाडी ढकलत नट-नटीच्या मागून शाँझेलिझे या तिथल्या हमरस्त्यावर फिरवली. त्या दृश्यांतली आजूबाजूची माणसं आपापल्या कामाला निघालेली खरी पॅरिसकर आहेत.

तीन मीटर

आता अंतराचं गणित बघू. रस्त्यावर फोटो काढणारे बरेच जण 35 मिलिमीटरची लेन्स वापरतात. (हा आकडा फिल्मच्या रुंदीचा नाही, लेन्सचा आहे; तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं.) या लेन्सनं तीन मीटरवर उभा असलेला माणूस आडव्या फोटोत डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावतो. तोच माणूस तेवढ्याच आकाराचा 200 मिलिमीटरच्या लेन्सनं घ्यायचा तर 17 मीटर मागं जावं लागतं, म्हणजे बहुतेक रस्त्यांवर पलीकडच्या फुटपाथवर.

माणूस दोन्ही फोटोंत सारखाच. बदलतो तो त्याच्या मागचा रस्ता. समजा त्याच्या मागं आणखी तीन मीटरवर दुसरा माणूस आहे. तुम्ही तीन मीटरवर असाल तर मागचा माणूस पुढच्याच्या निम्मा दिसेल, दोघांच्या मधली मोकळी जागा जाणवेल, तुम्हीही त्याच जागेत उभे आहात हे फोटो बघणाऱ्याला कळेल. तुम्ही 17 मीटरवर असाल तर मागचा माणूस पुढच्याच्या 85 टक्के दिसेल, जणू खांद्याला चिकटूनच उभा. मुंबईची गर्दी दाखवायला हे हत्यार वर्षानुवर्षं वापरलं जातंय. लांबून मोठी लेन्स लावली की चर्चगेटहून बाहेर पडणारी माणसं एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात. चित्र जबरदस्त येतं, पण त्यात माणसं उरत नाहीत, नुसता लोंढा उरतो. म्हणून मला ती पद्धत फारशी भावत नाही.

जवळून काढायचं तर फोकस करायला वेळ कुठं मिळतो? त्याची तोड जुनी आहे. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्सचं भोक, बारीक करून 8 वर ठेवायचं आणि फोकस तीन मीटरवर लावून सोडून द्यायचा. 35 च्या लेन्सला मग साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं नीट स्पष्ट येतं. कॅमेरा डोळ्याला लावायचीही गरज उरत नाही. लक्ष ठेवायचं ते समोरच्या माणसावर आणि आपल्या पायांवर. सरावलेले लोक एक पाऊल पुढं-मागं होऊन चौकट जुळवतात.

तीन मीटरवरून आणखी एक गोष्ट होते. समोरचा माणूस तुम्हाला बघू शकतो. ‘काय रे, कशाला काढतोस?’ असं विचारू शकतो. 17 मीटरवर त्याला ती सोयच नसते.

रोमची सायकल

सिनेमात हा विचार मोठ्या प्रमाणावर आला तो इटलीत, नाइलाजातून. महायुद्ध संपत आलं तेव्हा रोममधला चिनेचित्ता हा प्रचंड स्टुडिओ निर्वासितांच्या छावणीत गेला होता. फिल्म मिळत नव्हती. रोबेर्तो रोस्सेलिनी यांनी ‘रोम, ओपन सिटी’ (1945) बराचसा शहरातच चित्रित केला. तीन वर्षांनी वित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ आला. गोष्ट एवढीशी: बेकार माणसाला भिंतीवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, त्याला सायकल लागते, घरातल्या चादरी गहाण टाकून तो सायकल सोडवतो आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि लहान मुलगा रोमभर ती शोधत फिरतात. बापाचं काम लांबेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगारानं केलं. एका अमेरिकन निर्मात्यानं पैसे द्यायची तयारी दाखवली होती, पण अट होती की नायक हॉलिवूडचा बडा नट कॅरी ग्रँट हवा. दे सिकांनी ती मानली नाही. ते बरोबरच होतं. कॅरी ग्रँटची सायकल चोरीला गेली तर दुसरी मिळेल, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं.

या चित्रपटांचा आवाज मात्र त्या रस्त्यावरचा नाही. चित्रण आधी झालं, संवाद नंतर स्टुडिओत भरले. वास्तववादाच्या या मूळ पुरुषांनीही काय खरं ठेवायचं आणि काय घडवायचं याची निवडच केली होती, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच समजायला सोपं जातं.

24 जानेवारी 1952 ला मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि इटलीचे हे चित्रपट इथल्या दिग्दर्शकांनी एकत्र बसून पाहिले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. जमीन वाचवायला कलकत्त्यात आलेला शेतकरी झालेले बलराज साहनी तिथल्या रस्त्यांवर खरोखर रिक्षा ओढत धावले. सत्यजित राय यांनी ‘बायसिकल थीव्ज’ त्याआधीच, 1950 साली, लंडनमध्ये पाहिला होता.

दाणे खरे का वाटतात

अशा फोटोंत आणि सिनेमांत चित्र खरखरीत दिसतं, दाणे उठलेले असतात. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात, त्यांच्यावर उजेड पडून चित्र तयार होतं. उजेड कमी असेल तर मोठ्या कणांची, जास्त संवेदनशील फिल्म लागते, किंवा आहे तीच फिल्म औषधात जास्त वेळ धुवावी लागते. याला ‘पुश करणं’ म्हणतात. दोन्हींत कण ठळक होतात, काळं जास्त काळं आणि पांढरं जास्त पांढरं पडतं.

पण आपले डोळे तर जगाकडे दाणेदार बघत नाहीत. मग हे चित्र खरं का वाटतं? आपल्याला तशी सवय लागली आहे म्हणून. युद्धाच्या, दंगलीच्या, अपघाताच्या बातम्या आपण कित्येक वर्षं अशाच फोटोंत पाहिल्या. जिथं दिवे लावायला सवड नव्हती तिथून आलेलं चित्र दाणेदार असायचं, हललेलं असायचं. त्यामुळे दाणे दिसले की मन म्हणतं, ‘हे घडत असताना कुणीतरी तिथं होतं.’ हात थरथरवत केलेल्या चित्रणाचंही तसंच. आज हे दाणे संगणकावर एका बटणानं पसरता येतात. मी म्हणूनच कुठलंही चित्र त्याच्या दाण्यांवर पारखत नाही.

रंगाचंही तेच आहे. कृष्णधवल म्हणजे गंभीर, ही समजूत पाश्चात्त्य छायाचित्रणानं दिली. रघुबीर सिंह यांनी आयुष्यभर भारत रंगीतच टिपला, मुंबईसुद्धा. कृष्णधवल चित्रण भारतीय नजरेला परकं आहे असं ते मानत. दादरच्या त्या बाजाराचे माझे कृष्णधवल फोटो बघितले की मला ते पटतं. झेंडू करडा झाला तर उरलं काय?

फॉकलंड रोड

मुंबईतला फॉकलंड रोड आता कागदोपत्री पठ्ठे बापूराव मार्ग आहे. लावणीच्या शाहिराचं नाव असलेल्या या रस्त्यावरच्या वेश्यावस्तीचे फोटो काढायचा प्रयत्न मेरी एलन मार्क ही अमेरिकन फोटोग्राफर दहा वर्षं करत होती. ती गेली की बायका तिच्यावर कचरा आणि पाणी फेकायच्या. 1978 साली ती पुन्हा आली आणि रोज जायचंच असं ठरवून राहिली. शिव्या खाल्ल्या, थांबली, हळूहळू ओळखी झाल्या, मग दारं उघडली. 1981 साली हे काम पुस्तकरूपानं आलं. त्यातल्या बायका कॅमेऱ्याकडे बघतात ते ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

याच भागात काही वर्षांनी ‘सलाम बॉम्बे’ (1988) चित्रित झाला. मीरा नायर यांच्या या चित्रपटाची पटकथा सूनी तारापोरवाला यांची, आणि त्या स्वतः मुंबईच्या उत्तम छायाचित्रकार. फोटोग्राफरचीच नजर इथं पटकथेत उतरली. रस्त्यावरच्या मुलांना घेऊन आधी कार्यशाळा झाली आणि त्यातूनच कलाकार निवडले गेले. चित्रपटाला कान महोत्सवात कॅमेरा दॉर हा दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला. त्यापेक्षा मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट: त्याच वर्षी या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला.

‘सलाम बॉम्बे’च्या शेवटी गणपती विसर्जनाच्या गर्दीत मुलाचा हात सुटतो. दहा वर्षांनी आलेल्या ‘सत्या’तही विसर्जनाची गर्दी आहे, तिथं समुद्रकिनाऱ्यावर खून होतो. दोन अगदी वेगळे चित्रपट एकाच ठिकाणी येतात याचं कारण कुठल्याही मुंबईकराला कळेल. विसर्जनात लाखो माणसं असतात, प्रत्येकाची नजर बाप्पाकडे असते. तिथं माणूस हरवतोही आणि सुटतोही.

आवाजाची गोष्ट अर्धवट राहिली होती. आपल्याकडे वापरात असलेले सिनेमाचे कॅमेरे इतकी घरघर करायचे की चित्रणाच्या वेळचा आवाज फक्त संदर्भापुरता उपयोगी पडायचा. नट नंतर डबिंग थिएटरच्या बंद खोलीत आपलेच संवाद पुन्हा म्हणायचे. त्यामुळे रस्ता खरा असला तरी त्या रस्त्यावर माणूस बोलतो कसा, धापा टाकत, ट्रक गेला की थांबत, हे हातून निसटायचं. 2001 च्या ‘लगान’नंतर जागेवरचाच आवाज घेण्याची पद्धत मुख्य प्रवाहात रुजली.

कोर्टातले दिवे

मुंबईचा खरेपणा सर्वांत कमी साधनांत कुणी पकडला असं विचारलं तर मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) सांगेन. एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. वीरा साथीदार हे शाहीर झाले आहेत, गाणी संभाजी भगत यांची. एवढा स्फोटक विषय, आणि मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी शांत उभा. धावपळ नाही, थरथर नाही, अश्रूंचे क्लोजअप नाहीत.

खोलीच्या मागच्या बाजूनं आपण कोर्ट बघतो, बाकावर बसलेल्या पक्षकारासारखे. न्यायाधीश टायपिस्टला मजकूर सांगतात, पुढची तारीख पडते. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईची सुनावणी घेतली जात नाही. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी काम संपवून लोकलनं घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. कॅमेरा तेवढ्याच शांतपणे त्यांच्याही घरात थांबतो. शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणणारी बाई आपल्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहणारी निघते. कुणाला खलनायक करायला लागणारा क्लोजअपच दिग्दर्शक देत नाही. अंतर राखणं हे थंडपणाचं लक्षण असतं असं मला आधी वाटायचं, या चित्रपटानं ते खोडून काढलं. लांब उभं राहूनही सगळ्यांना एकाच अंतरावर ठेवता येतं.

आणि मग तो प्रसंग. सुट्टी लागायच्या आधीचा कोर्टाचा शेवटचा दिवस. माणसं निघून जातात. शिपाई एकेक दिवा घालवतो. पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. थिएटरात मला वाटलं, संपला सिनेमा. लोक उठायला लागले. त्या अंधारात किती सेकंद गेले कोण जाणे, पण तेवढ्यात तुरुंगातल्या माणसाची सुट्टी किती लांब असेल हे अंगावर आलं. एकही शब्द न बोलता, केवळ थांबून.

या सगळ्या कामावर एक आक्षेप कायम घेतला जातो: तुम्ही गरिबी विकता. राज्यसभेच्या खासदार असताना नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर हाच आरोप केला होता. आरोप उडवून लावण्यासारखा नाही. झोपलेल्या माणसाचा, आजारी माणसाचा, उघड्यावर अंघोळ करणाऱ्या बाईचा फोटो न विचारता काढणारे आणि त्यावर वाहवा मिळवणारे मी पाहिले आहेत. मी स्वतः तसे फोटो काढले होते आणि नंतर पुसून टाकले. माझ्यापुरता मी एकच नियम ठेवला आहे: ज्याचा फोटो, त्याच्या हातात प्रिंट द्यायची. प्रिंट घेऊन समोर जायची लाज वाटत असेल तर तो फोटो काढायचाच नव्हता.

फूलबाजारातल्या मावशींना मी दोन प्रिंट दिल्या होत्या. एक लांबून घेतलेली, सुंदर चेहऱ्याची, आणि एक त्या पोत्यावर बसून काढलेली. पहिली त्यांनी बघून ओच्यात ठेवली. दुसरी हातात धरून बल्बाच्या उजेडात नेली, स्वतःच्या चेहऱ्याकडे न बघता कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि गोण्या उतरवणाऱ्या एका हमालाला हाक मारली, “अरे इकडं ये, तुझे पाय आलेत बघ.”